मे २०२४ ची मारामारी, सप्टेंबरचा एफआयआर : आयपीसी गेला म्हणजे केस उडाली का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न आहे. मे २०२४ मध्ये बांधावरून भाऊबंदांशी मारामारी झाली. काठ्या निघाल्या, एकाच्या डोक्याला टाके पडले. गावच्या पंचांनी मिटवामिटवीत पावसाळा घालवला, जमलं नाही, आणि सप्टेंबरमध्ये समोरच्यांनी पोलिसांत फिर्याद दिली. एफआयआरला बीएनएसची, म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेची कलमं लागली: ११५(२) (साधी दुखापत), ११८(१) (घातक हत्याराने दुखापत), ३५२ (चिथावणारा अपमान), ३५१(२) (धमकी) आणि ३(५) (समान इरादा). चार्जशीटही त्याच कलमांचं आलं. आता या शेतकऱ्याचं म्हणणं असं, की मारामारी झाली तेव्हा बीएनएस लागूच नव्हता आणि फिर्याद झाली तेव्हा आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, उरलाच नव्हता. मग या दोहोंच्या फटीतून केस निसटते की नाही? कुणीतरी त्यांना सांगितलंय, "धारवाडला हायकोर्टात जा, एका तारखेत रद्द होईल."

धारवाडचा खर्च वाचवा. केस रद्द होणार नाही. कलमं चुकीची लागली आहेत हे मात्र खरं आहे, आणि ती दुरुस्त करून घेण्यात तुमचाच फायदा आहे.

आधी तारीख पक्की करू. भारतीय न्याय संहिता म्हणजे बीएनएस, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएस आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तिन्ही कायदे २०२३ चे. ते लागू झाले १ जुलै २०२४ पासून. त्यांनी अनुक्रमे १८६० चा आयपीसी, १९७३ चा सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) आणि १८७२ चा पुरावा कायदा यांची जागा घेतली. तिन्ही केंद्राचे कायदे आहेत, त्यामुळे बेळगावात आणि पलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीत तारीख एकच. अमुक तारखेला कायदा लागू झाला म्हणजे नेमका कधी, याचंही उत्तर कायद्यांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणाऱ्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ५ मध्ये आहे: आदला दिवस संपला त्या क्षणी. म्हणजे ३० जूनच्या रात्री बाराच्या ठोक्याला.

आता त्या फटीबद्दल. अशी फट एके काळी खरोखर होती. जुना इंग्रजी नियम असा, की कायदा रद्द झाला की तो कधी नव्हताच असं धरायचं. ज्यांचा निकाल लागून गेला ते सोडून बाकी सगळे सुटले. त्यामुळे प्रत्येक कायदा रद्द करताना 'जुन्या गुन्ह्यांना धक्का नाही' असं कलम आठवणीनं घालावं लागे. आपल्याकडे जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ६ ने हा नियम उलटा केला. एखादा कायदा रद्द झाला, तरी त्याखाली आधीच ओढवलेली शिक्षा, जबाबदारी, तपास, खटला यांना धक्का लागत नाही. नव्या कायद्यात तसा वेगळा हेतू दिसला तरच लागतो. १९५४ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध मोहरसिंग या निकालात सुप्रीम कोर्टाने ते आणखी स्पष्ट केलं. रद्द झालेल्या कायद्याच्या जागी नवा आला असेल, तर नव्यात जुनी जबाबदारी जिवंत ठेवल्याचा शब्द शोधत बसायचं नाही. ती मारून टाकायचा हेतू दिसतो का, एवढंच बघायचं.

बीएनएसमध्ये तर शोधाशोधही करावी लागत नाही. शेवटचं कलम, ३५८, आयपीसी रद्द करतं आणि त्याच दमात सांगतं, की जुन्या कायद्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याची शिक्षा, त्याचा तपास आणि त्यावरची कारवाई सुरू करता येईल, पुढे नेता येईल आणि शिक्षाही देता येईल, जणू तो कायदा रद्द झालेलाच नाही. त्यातलं 'सुरू करता येईल' हे शब्द तुमच्यासाठी महत्त्वाचे. चालू केसच वाचली असं नाही. १ जुलैच्या आधीच्या गुन्ह्यावर नंतर नवी केसही घालता येते.

सीमाभागातल्या माणसाला खरं तर याचं नवल वाटायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला आपलं राज्य एका रात्रीत मुंबईचं म्हैसूर झालं, कायदे बदलले नाहीत. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ ने मुंबई राज्याचे कायदे या भागाला तसेच लागू ठेवले. मुंबईचा १९५१ चा पोलीस कायदा इथे चालत राहिला, पुढे १९६३ च्या म्हैसूर पोलीस कायद्याने त्याची जागा घेतली. मुंबईचा १९४८ चा कूळ कायदा तर म्हैसूरचा जमीन सुधारणा कायदा २ ऑक्टोबर १९६५ ला अमलात येईपर्यंत इथल्या जमिनींवर चालला. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या जमिनीच्या दाव्यात आजही त्याचा हवाला येतो आणि बंगळूरहून आलेले तरुण वकील बुचकळ्यात पडतात.

मागचं राखून ठेवणारं कलम नसलं तर काय होतं, त्याचं उदाहरण शेजारच्या कोल्हापूरच्या नावानं आहे. कोल्हापूर केनशुगर वर्क्सच्या २००० सालच्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की कलम ६ कायद्यांसाठी आहे; अबकारी नियमांमधला एखादा नियम गाळला आणि मागचं काही राखून ठेवलं नाही, तर त्याखाली चालू असलेली कारवाई तिथेच संपते. त्या निकालातल्या काही भागावर पुढे सुप्रीम कोर्टातच वेगळं मत आलं. पण तो वाद नियमांचा. आयपीसी हा संसदेने रद्द केलेला कायदा आहे आणि मागचं राखून ठेवणारं कलम नव्या संहितेतच आहे, त्यामुळे इथे तो कामाचा नाही.

तर केस टिकते. पण कोणत्या कलमांनी? संविधानाचा अनुच्छेद २०(१) सांगतो, की कृत्य केलं त्या वेळी जो कायदा लागू होता त्याचा भंग झाला तरच दोषी धरता येतं, आणि त्या वेळच्या कायद्यानं जेवढी शिक्षा देता आली असती त्याहून जास्त देता येत नाही. इथे मोजायची तारीख कृत्याची. फिर्यादीची नाही, एफआयआरची नाही, चार्जशीटचीही नाही. तुमची मारामारी मे महिन्यातली. म्हणून कलमं हवीत आयपीसी ३२३, ३२४, ५०४, ५०६ आणि ३४.

आकडेच बदलले, त्यात काय मोठंसं, असं म्हणू नका. साध्या दुखापतीला आयपीसी ३२३ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बीएनएस ११५(२) मध्ये कैद तेवढीच, दंड मात्र दहा हजारांपर्यंत. चुकीचं कलम तसंच राहिलं आणि कोर्टाने दहा हजार दंड केला, तर तो घटनेच्या विरुद्ध ठरेल, पण हे तुम्हाला अपिलात जाऊन सांगावं लागेल. ३२४ आणि ११८(१) मध्ये तीन वर्षांची मर्यादा तीच आहे. (काठी हे 'घातक हत्यार' ठरतं का हा वेगळा वाद; तो साक्षीपुराव्याच्या वेळी घाला.)

खरा फरक कुठे पडतो तो अपघाताच्या केसमध्ये बघा. समजा, ३० जून २०२४ च्या रात्री साडेअकराला निपाणीजवळ हायवेवर ट्रकने दुचाकीला उडवलं. जखमीला घेऊन धावपळ झाली, तो बाराच्या आतच दगावला, आणि फिर्याद पहाटे तीनला नोंदली गेली, म्हणजे १ जुलैला. एफआयआरची तारीख बघून पोलीस बीएनएस २८१ (बेदरकार गाडी चालवणं, जुनं २७९) आणि १०६(१) घालून मोकळे होतात. १०६(१) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आयपीसी ३०४अ मध्ये हीच मर्यादा होती दोन वर्षं. हा अपघात साडेअकराचा, म्हणून ड्रायव्हरवर २७९ आणि ३०४अ च लागतं. तोच अपघात साडेअकराला न होता बारा वाजून दहा मिनिटांनी झाला असता, तर पाच वर्षांचं कलम बरोबर ठरलं असतं. पळून गेलेल्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं जे १०६(२) आहे, ज्याच्यावरून ट्रकवाल्यांनी जानेवारी २०२४ मध्ये संप केला होता, ते १ जुलैला लागू करण्यातून वगळलं होतं. ते त्या रात्रीच्या केसमध्ये घालण्याचा प्रश्नच येत नाही.

आता तोच जखमी त्या रात्री न दगावता दवाखान्यात ४ जुलैला दगावला तर? गुन्हा पूर्ण झाला ४ तारखेला, म्हणून नवा कायदा, असा युक्तिवाद होऊ शकतो. मला तो पटत नाही. अनुच्छेद २० मधला शब्द 'कृत्य' आहे. ड्रायव्हरने जे काही केलं ते ३० जूनला केलं. नंतर त्याने काहीच केलेलं नाही. मृत्यूची तारीख पुढे गेली म्हणून त्याची शिक्षा दोनाची पाच वर्षं होऊ शकत नाही. अशा केसमध्ये वकिलाने पहिल्याच तारखेला हा मुद्दा लेखी द्यावा.

इथपर्यंत झालं गुन्हा आणि शिक्षेचं. प्रक्रियेचा हिशोब वेगळा, आणि लोक इथेच गोंधळतात. अमुकच पद्धतीने खटला चालावा असा हक्क आरोपीला नसतो. म्हणून प्रक्रियेचा नियम सोपा: तो टप्पा सुरू झाला तेव्हा जो कायदा होता तो. बीएनएसएसच्या कलम ५३१ प्रमाणे १ जुलैच्या आधीपासून प्रलंबित असलेला तपास, चौकशी, खटला, अपील आणि अर्ज सीआरपीसीनेच चालतात. त्यानंतर सुरू झालेलं बीएनएसएसने. त्यामुळे तुमच्यासारख्या केसमध्ये मिश्र प्रकार होतो: गुन्हा आयपीसीचा, एफआयआर बीएनएसएस १७३ खाली, तपास आणि चार्जशीट बीएनएसएसप्रमाणे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नेमकं हेच सांगितलं आहे.

मधल्या टप्प्यांवर मात्र सुरुवातीला उच्च न्यायालयांत एकमत नव्हतं. एफआयआर जूनमधला, पण हायकोर्टातला अर्ज ऑगस्टमधला असेल तर? जुलै २०२४ मध्येच राजस्थान उच्च न्यायालयाने जुन्या एफआयआरला जुनीच प्रक्रिया अशी भूमिका घेतली, पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने १ जुलैनंतर दाखल होणारा अर्ज नव्याच कायद्याखाली हवा असं म्हटलं. व्यवहारात आम्ही अर्जाच्या डोक्यावर दोन्ही कलमं लिहितो. कलमाच्या आकड्यापायी जामीन अडत नाही. एक गंमत मात्र सांभाळावी लागते: सीआरपीसी ४८२ म्हणजे केस रद्द करण्याचा हायकोर्टाचा अधिकार, तो आता ५२८ झाला, आणि बीएनएसएस ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ होता. चाळीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्यांचीही जीभ अजून घसरते.

गुन्हा एका दिवसाचा नसेल तर काय, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो तो सासरच्या छळाच्या केसमध्ये. लग्न २०२१ चं, छळ तेव्हापासून, शेवटची मारहाण ऑगस्ट २०२४ मध्ये. इथे ३० जूनपर्यंतच्या प्रसंगांना आयपीसी ४९८अ, नंतरच्यांना बीएनएस ८५. दोन्हींत शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड, त्यामुळे आरोपीचं काही बिघडत नाही. पण फिर्याद लिहून देताना तारखा गोल गोल ठेवल्या, 'लग्नापासून सतत त्रास' एवढंच लिहिलं, तर पुढे बचावाचा वकील त्या गोलपणावरच बोट ठेवतो. प्रसंग तारीखवार लिहा, निदान महिना तरी लिहा. भिशीच्या फसवणुकीचंही तसंच. पैसे २०२२ मध्ये खोटं सांगून घेतले आणि फिर्याद २०२५ मध्ये झाली, तर कलम ४२० च. चारसोबीस मेला नाही. जुन्या फसवणुकीसाठी तो अजून वर्षानुवर्षं कोर्टात दिसेल.

मग जे गुन्हे नव्या संहितेत घेतलेच नाहीत त्यांचं काय? आत्महत्येच्या प्रयत्नाचं ३०९ घ्या. बीएनएसमध्ये ते त्या रूपात नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी तसा प्रयत्न केला तरच कलम २२६ लागतं. तरी २०२३ मधली ३०९ ची केस आयपीसी गेल्यामुळे आपोआप संपत नाही, कलम ३५८ तिलाही जिवंत ठेवतं. तिथे बचाव दुसरा आहे: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५. उलट सिद्ध होईपर्यंत तो माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असं ते धरून चालतं आणि त्याच्यावर खटला नको म्हणतं.

याच्या उलट ४९७, म्हणजे व्यभिचार. ते संसदेने रद्द केलं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवलं. रद्द झालेला कायदा मागच्या कृत्यांपुरता जिवंत राहतो. घटनाबाह्य ठरलेल्याला असा आधार नसतो, आणि त्याच्यावर उभे असलेले खटलेही कोसळतात. गावात दोन्हींना 'कायदा उडाला' असंच म्हणतात, पण परिणाम जमीन-अस्मानाचे.

काळ्या दिनाच्या (१ नोव्हेंबर) फेरीत किंवा सीमाप्रश्नाच्या इतर आंदोलनात ज्यांच्यावर १४३, १४७, ३४१, १५३अ (बेकायदा जमाव, दंगल, वाट अडवणं, तेढ वाढवणं) असली आयपीसीची कलमं लागली आहेत, ते वरचेवर विचारतात: आयपीसी गेला, आता तरी आमच्या तारखा थांबतील का? नाही थांबणार. त्या केसेस संपायचे मार्ग तेच जुने: निर्दोष सुटणं, हायकोर्टाने रद्द करणं, किंवा सरकारी वकिलाने कोर्टाच्या परवानगीने खटला मागे घेणं. खटला मागे घेण्याचं कलम पूर्वी ३२१ होतं, आता बीएनएसएस ३६० आहे, आणि त्यात पीडिताला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, ही नवी अट. सरकारने नुसती घोषणा केल्याने केस मागे जात नाही. कोर्टात अर्ज येऊन त्यावर आदेश व्हावा लागतो. तोपर्यंत तारखेला हजर राहा, नाहीतर साध्या केसमध्ये वॉरंट निघेल.

नव्या कायद्यात आरोपीच्या सोयीचं काही असेल तर ते जुन्या गुन्ह्याला मिळतं का? अनुच्छेद २० जास्त शिक्षेला अडवतो, कमी शिक्षेला नाही. १९६४ च्या रतनलाल निकालात आणि १९८२ च्या टी. बराई निकालात सुप्रीम कोर्टाने सौम्य झालेल्या कायद्याचा फायदा मागच्या कृत्याला दिला आहे. पण कलम ३५८ 'जणू जुना कायदा रद्द झालाच नाही' म्हणतं, त्यामुळे हा फायदा हक्क म्हणून छातीठोकपणे सांगता येत नाही. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी आणि वस्तू परत केली, तर बीएनएस ३०३(२) मध्ये फक्त समाजसेवेची शिक्षा आहे. मे २०२४ मधल्या अशा चोरीच्या आरोपीसाठी मी शिक्षेच्या सुनावणीत ते कलम कोर्टापुढे ठेवीन आणि प्रोबेशनचा (चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटण्याचा) अर्ज सोबत जोडीन. एकाच दोरीवर लोंबकळू नये.

जामिनाच्या बाबतीत मात्र चित्र स्वच्छ आहे. बीएनएसएस ४७९ प्रमाणे ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही असा कच्चा कैदी, गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सुटायला पात्र होतो; पूर्वी सरसकट निम्मा काळ लागायचा. २३ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की हा फायदा १ जुलैच्या आधीच्या केसमधल्या कैद्यांनाही द्यायचा. हिंडलग्याच्या कारागृहात तुमचं कुणी असेल तर हे ध्यानात ठेवा. कोर्टाला लेखी कळवायची जबाबदारी कायद्याने तुरुंगाच्या अधीक्षकांवर टाकली आहे, तरी घरच्यांनी वकिलामार्फत वेगळा अर्ज द्यावा. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून अधिक केसेस चालू असतील तरी अडतं.

आता पुन्हा तुमच्या केसकडे. चार्ज ठेवण्याआधी जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात छोटा अर्ज द्या: घटनेची तारीख मे २०२४, म्हणून बीएनएसच्या जागी आयपीसीची कलमं घ्यावीत. निकाल लागेपर्यंत चार्ज बदलायचा अधिकार कोर्टाला बीएनएसएस २३९ ने आहे. कलमाचा आकडा चुकला म्हणून न्यायात बाधा आली असं दाखवता येत नसेल, तर तेवढ्यावर कुठलंही कोर्ट केस रद्द करत नाही; धारवाडला नेमकं हेच ऐकून परत याल, आणि तोवर समोरच्यांनाही कळलेलं असेल की त्यांचं कुठे चुकलं.

मुदतीचा मुद्दाही कुणी डोक्यात घालेल. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल एका वर्षात, तीन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्याची तीन वर्षांत घ्यावी लागते. पण गुन्हे एकत्र चालणार असतील तर मुदत सगळ्यात जड गुन्ह्याची मोजतात. तुमच्यात ३२४ आहे, म्हणजे तीन वर्षं. मेचा गुन्हा, सप्टेंबरची फिर्याद: इथे हाती काही लागणार नाही. चार महिने उशीर का झाला, हा प्रश्न मात्र साक्षीदाराला जरूर विचारा. पंचांची बैठक खरंच झाली असेल तर ते उशिराचं कारण पुढे करतील. मग त्या बैठकीत कोण काय बोललं हे तुमच्या साक्षीदारांना आठवत असलेलं बरं.

एफआयआर आणि चार्जशीट कन्नडमध्ये असतील, तर सही करून घेण्याआधी कन्नड येणाऱ्या माणसाकडून दोन रकाने वाचून घ्या: गुन्हा घडल्याची तारीख-वेळ आणि पोलिसांना माहिती मिळाल्याची तारीख-वेळ. पहिल्या रकान्यात चुकून सप्टेंबर पडला असेल, तर अर्जात कलमांच्या आधी ती तारीख दुरुस्त करायला मागा. दवाखान्याचा जखमेचा दाखला मे महिन्याचाच असेल. तो सोबत लावा.